छातीतील खळगा : लाज नको, उपचार हवा

मिस्साच्या आरंभी आपण सारे आपले अपराध कबूल करतो, तेव्हा उजवा हात आपोआप उरावर येतो. लहानपणापासून केलेली ही खूण. तिच्याकडे आपले लक्षही जात नाही. परंतु देवळाच्या बाकांत कधी कधी असा एखादा मुलगा उभा असतो, की त्याच्या बोटांना उराचे सपाट हाड लागत नाही, खळगा लागतो. सदऱ्याची वरची गुंडी तो कधी उघडी ठेवीत नाही. पोहायला जाताना, फेस्ताच्या दिवशी खेळ खेळताना, वैद्यकीय तपासणीसाठी शाळेत रांग लागते तेव्हा, तो काही ना काही निमित्त सांगून बाजूला होतो. घरात आईला ते ठाऊक असते, पण ती म्हणते, "मोठा झाला की भरून येईल." बाप म्हणतो, "व्यायाम कर." आणि वर्षे निघून जातात.

वाचक बंधुभगिनींनो, आजचा हा लेख अशा मुलांसाठी आणि त्यांच्या आईबापांसाठी आहे. सांगायची गोष्ट एकच. ज्या वयात मुलगा आपली छाती सर्वांपासून लपवितो, नेमक्या त्याच वयात तिच्यावरचे उपचार सर्वांत चांगले लागू पडतात. लपविण्यात गेलेले वर्ष हे उपचाराचे गमावलेले वर्ष होय.

हे आहे तरी काय?

आपल्या छातीच्या मध्यभागी उरोस्थी नावाचे चपटे हाड असते. दोन्ही बाजूंच्या बरगड्या या हाडाला कूर्चांनी, म्हणजे मऊ लवचिक हाडांनी, जोडलेल्या असतात. काही मुलांत या कूर्चांची वाढ वाजवीपेक्षा वेगळी होते. त्यामुळे उरोस्थी आत ढकलली गेली तर छातीला खळगा पडतो, आणि बाहेर ढकलली गेली तर छाती नावेच्या तळकण्यासारखी किंवा पक्ष्याच्या उरासारखी पुढे येते. पहिल्या प्रकाराला डॉक्टर 'पेक्टस एक्स्कॅव्हेटम' म्हणतात व दुसऱ्याला 'पेक्टस कॅरिनेटम'. नावे लॅटिन आहेत. 'पेक्टस' म्हणजे छाती आणि 'कॅरिना' म्हणजे नावेचा तळकणा, एवढाच त्यांचा अर्थ. ऐकून घाबरून जाण्याजोगे त्यांत काही नाही.

हा विकार दुर्मीळही नाही. पाश्चात्त्य देशांतील गणनेप्रमाणे खळग्याचा प्रकार सुमारे ३०० ते ४०० जन्मांत एकदा आढळतो, आणि मुलींपेक्षा मुलांत तो तीन ते पाच पटींनी अधिक असतो. दहांपैकी सुमारे चार रुग्णांच्या कुटुंबांत आणखी कोणाला तरी तो असतोच. पुष्कळदा तान्हेपणी तो अगदी किरकोळ दिसतो आणि अकराव्या-बाराव्या वर्षानंतर, अंग भराभर उंचीला लागले म्हणजे, एकाएकी वाढतो. "मोठा झाला की भरून येईल" हे आईचे समाधान म्हणूनच फसवे ठरते.

गावोगावी याविषयी नाना समजुती आहेत. कोणी म्हणते, गर्भारपणी आईने ग्रहण पाहिले. कोणी म्हणते, जड घागर उचलली. कोणी नजर लागल्याचे सांगते. यांपैकी एकही खरी नाही. योहानाच्या शुभवर्तमानात जन्मांध मनुष्याची गोष्ट आहे. त्याला पाहून शिष्यांनी विचारले, की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? प्रभू येशूने दोन्ही गोष्टी नाकारल्या आणि त्या माणसाच्या डोळ्यांवर उपचार केला. दोष कोणाचा, हा वाद तेथेच संपला. आपल्या घरांतही तो तेथेच संपावयास हवा.

काळजी कशाची करावी, कशाची करू नये

पुष्कळांचा खळगा उथळ असतो. त्यांना कसलाही त्रास होत नाही, आणि त्यांना उपचाराची गरजही नसते. खळगा खोल असेल तर मात्र उरोस्थीमागे असलेले हृदय डावीकडे सरकते व दाबले जाते. मग मुलाला धावताना लवकर दम लागतो, छातीत धडधडते किंवा दुखते, बरोबरीच्या मुलांमागे तो पडतो. तो आळशी आहे असे घरचे समजतात. वस्तुतः त्याच्या हृदयाला पसरायला जागाच अपुरी असते.

याशिवाय तीन गोष्टी आईबापांनी ध्यानात ठेवाव्या.

पहिली गोष्ट तान्ह्या बाळांची. बाळाला खोकला आहे आणि श्वास घेताना त्याच्या छातीचा खालचा भाग दर वेळी आत ओढला जात आहे, तर तो हा विकार नव्हे. ते न्यूमोनियाचे लक्षण असू शकते. दोन महिन्यांपासून एक वर्षापर्यंतच्या बाळाचा श्वास मिनिटाला ५० किंवा त्याहून अधिक, आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचा ४० किंवा त्याहून अधिक होत असेल, तर तेही तसेच लक्षण होय. अशा वेळी घरगुती काढ्यात वेळ न घालविता त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

दुसरी गोष्ट मुडदुसाची. 'ड' जीवनसत्त्व व कॅल्शियम कमी पडले म्हणजे मुलांची हाडे मऊ राहतात, पाय वाकतात आणि छातीही पुढे येऊ शकते. येथे उपचार वेगळा आहे. डॉक्टरांनी दिलेले औषध, ऊन, दूध, नाचणी यांनी हाडे बळकट होतात. म्हणून पुढे आलेल्या छातीचे कारण आधी डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.

तिसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. मुलगा वाजवीपेक्षा उंच व सडपातळ आहे, हातापायांची बोटे लांबच लांब आहेत, नजर फार अधू आहे आणि छातीलाही खळगा आहे, असे सारे एकत्र दिसले तर 'मार्फन' नावाच्या आनुवंशिक विकाराची शंका घ्यावी लागते. त्यात हृदयातून निघणारी महाधमनी हळूहळू फुगत जाते. हृदयाची 'एको' तपासणी केली म्हणजे ते कळते. छातीकडे पाहण्यासाठी गेलेल्या मुलाचा जीव या तपासणीने वाचू शकतो.

उपचार कोठवर आले आहेत

आपल्या देशात छातीच्या शस्त्रक्रियेचा पाया क्षयरोगाने घातला, असे म्हटले तर वावगे होणार नाही. क्षयावर औषधे नव्हती त्या काळी रोगग्रस्त फुप्फुसाला विश्रांती मिळावी म्हणून बरगड्यांचे तुकडे काढीत. मिरजेजवळच्या वानलेसवाडीत १९२० साली क्षयरुग्णांसाठी आरोग्यधाम निघाले, ते याच दिवसांत. पुढे डॉ. रीव्ह बेट्स हे अमेरिकन शल्यविशारद १९४८ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी तेथे वक्षशस्त्रक्रियेचा विभाग उभा केला. देशातील हा पहिला असा विभाग मानला जातो. क्षयाचे रुग्ण औषधांनी बरे होऊ लागले. पण शल्यविशारदांचे शिक्षण वाया गेले नाही. ते हृदय, फुप्फुसे आणि जन्मजात विकृती यांच्याकडे वळले.

खळग्याच्या शस्त्रक्रियेची रीत अमेरिकेतील बाल्टिमोरचे डॉ. मार्क रॅविच यांनी १९४९ साली प्रसिद्ध केली. तीत छाती पुढून उघडून वाकड्या कूर्चा काढतात आणि उरोस्थी सरळ बसवितात. ती आजही उपयोगात आहे. परंतु व्रण मोठा राहतो. १९८७ पासून व्हर्जिनियातील नॉरफोकचे डॉ. डोनाल्ड नस यांनी निराळी वाट धरली. काखेखाली दोन्ही बाजूंना लहान छेद घ्यावयाचे, धातूची वाकवलेली पट्टी उरोस्थीच्या मागून सरकवावयाची आणि ती फिरवून हाड पुढे उचलावयाचे. कूर्चेला हात लावावयाचा नाही. दहा वर्षांचा अनुभव व ४२ मुलांची हकीगत त्यांनी १९९८ साली प्रसिद्ध केली, आणि ही रीत जगभर पसरली. पट्टी साधारण दोन ते तीन वर्षे आत राहते. तोवर छाती नवे वळण घेते, आणि मग दुसऱ्या लहानशा शस्त्रक्रियेने पट्टी काढून टाकतात.

सर्वांनाच शस्त्रक्रिया लागते असे मात्र नाही. पुढे आलेल्या छातीला बाहेरून दाब देणारा पट्टा असतो. ब्राझीलचे डॉ. सिडनी हाजे व अर्जेंटिनाचे डॉ. मार्सेलो मार्टिनेझ-फेरो यांनी अशा पट्ट्यांच्या उपचाराला शास्त्रशुद्ध रूप दिले. दिवसाचे पुष्कळ तास, महिनोन् महिने, तो नेमाने बांधावा लागतो. छाती लवचिक असेल आणि मुलगा चिकाटीचा असेल तर पुष्कळदा सुरीची गरजच पडत नाही. खळग्यासाठी 'व्हॅक्यूम बेल' नावाचे रबरी कडेचे घंटाकृती साधन आहे. ते छातीवर ठेवून हवा ओढून घेतली म्हणजे हाड हळूहळू वर येते. एकार्ट क्लोबे या जर्मन अभियंत्याला स्वतःलाच हा विकार होता. त्यानेच हे साधन तयार केले. मात्र ते डॉक्टरांना विचारल्याखेरीज कधीही वापरू नये. ठिसूळ हाडे, रक्त न गोठण्याचा विकार किंवा रक्तवाहिन्यांचा दुबळेपणा असलेल्यांना ते वर्ज्य आहे.

या दोन्ही साधनांची मदार छातीच्या लवचिकपणावर आहे. वाढ पुरी झाली, हाडे कठीण झाली, की पट्ट्याचा प्रभाव ओसरतो. शस्त्रक्रिया मोठ्या वयातही होते; पण बारा ते सोळा या वयात शरीर नवे वळण अधिक सहज स्वीकारते. व्यायामाविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. दंडबैठकांनी खळगा भरून येत नाही. पाठ ताठ राहते, श्वास खोल होतो, मुलाचा धीर वाढतो, आणि हा लाभ थोडा नव्हे. परंतु "आधी दोन वर्षे व्यायाम कर, मग पाहू," असे म्हणून डॉक्टरांची भेट लांबणीवर टाकू नये.

तारिहाळच्या एका घराची वाट

आता ही सारी विद्या खेड्यातल्या घरापर्यंत कशी पोहोचावयाची, ते पाहू. समजा, हुबळीजवळच्या तारिहाळात एक मराठी कॅथलिक कुटुंब राहते. बाप तेथील औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात कामाला आहे. मुलगा चौदा वर्षांचा आहे आणि त्याच्या छातीला खळगा आहे. या घराने पहिले पाऊल कोठे टाकावे?

पहिले पाऊल शाळेतच टाकता येते. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके सरकारी व अनुदानित शाळांतील मुलांची वर्षातून एकदा आणि अंगणवाडीतील बालकांची दोनदा मोफत तपासणी करतात. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतची मुले त्यात येतात. त्या दिवशी मुलाने निमित्त काढून घरी राहू नये. उलट आईने शिक्षकांना आदल्या दिवशी सांगून ठेवावे. शाळेत ते जमले नाही, तर प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना दाखवून शिफारसचिठ्ठी घ्यावी.

दुसरे पाऊल हुबळीच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय. १९५७ साली स्थापन झालेल्या या संस्थेला लोक 'किम्स' या नावाने ओळखतात. तेथे छातीचे छायाचित्र, हृदयाचा आलेख, एको आणि श्वासाची तपासणी यांविषयी विचारावे. खळगा खोल वाटला तर सी. टी. स्कॅन करतात. त्यात छातीच्या आतील रुंदीला, खळगा सर्वांत खोल असतो त्या ठिकाणच्या पुढूनमागच्या अंतराने भागतात. या भागाकाराला 'हॅलर निर्देशांक' म्हणतात. निरोगी छातीत तो सुमारे २.५ असतो, ३.२५ च्या वर गेला तर शस्त्रक्रियेचा विचार करतात. हा आकडा विचारून कागदावर लिहून घ्यावा. पुढे कोठेही गेलात तरी तो उपयोगी पडेल.

तिसरे पाऊल योग्य विभागाचे. पुष्कळ कुटुंबे येथे चुकतात. कोणी हाडवैद्याकडे जाते, कोणी मालिश करणाऱ्याकडे, कोणी नुसत्या छातीच्या औषधांच्या डॉक्टरांकडे वर्ष घालविते. या विकाराचे अधिकारी डॉक्टर म्हणजे हृदय व वक्ष शल्यविभागाचे, किंवा लहान मुलांसाठी बालशल्यविभागाचे. जवळच्या रुग्णालयात अशी शस्त्रक्रिया होत नसेल तर तसे सरळ विचारावे आणि मोठ्या केंद्राच्या नावाने चिठ्ठी मागावी. धारवाड व बेळगाव येथे वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत. बेंगळुरूला भारतीय कॅथलिक बिशपांच्या परिषदेने १९६३ साली स्थापन केलेले सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालय आहे. मोठ्या रुग्णालयांत वैद्यकीय समाजसेवक असतात. खर्चाची, राहण्याची, भाषेची अडचण त्यांच्यापाशी उघड बोलावी. त्यासाठीच ते नेमलेले असतात.

शल्यविशारदांना प्रश्न विचारणे हा उद्धटपणा नव्हे. आपण अशा किती शस्त्रक्रिया केल्या आहेत? माझ्या मुलाला पट्टा पुरेल की शस्त्रक्रियाच हवी? वेदना कशी आवरणार? धातूच्या पट्टीची किंमत आणि ती काढण्याच्या दुसऱ्या शस्त्रक्रियेचा खर्च पहिल्या अंदाजात धरला आहे काय? धोके कोणते? असे विचारणाऱ्या आईबापांना चांगला डॉक्टर शांतपणे उत्तर देतो. हृदयाला इजा होणे हा धोका विरळा, पण खरा आहे; म्हणूनच अनुभवी हात शोधावयाचे.

पैशाची बाजू

उपचार आहे, पण पैसा कोठून आणावा, या विचारानेच पुष्कळ घरे मागे फिरतात. कर्नाटकात २०१८ पासून 'आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक' ही योजना आहे. शिधापत्रिकेने दारिद्र्यरेषेखालील ठरलेल्या कुटुंबाला तीत वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. इतर कुटुंबांना ठरलेल्या खर्चाच्या ३० टक्के, वर्षाला दीड लाखाच्या मर्यादेत, साहाय्य मिळते. येथे एक दक्षता हवी. मोठ्या, आधी ठरवून होणाऱ्या उपचारांसाठी सर्वसाधारणपणे सरकारी रुग्णालयाची शिफारस लागते. थेट खासगी रुग्णालयात भरती होऊन मग योजना शोधू लागलात, तर हात रिकामे राहू शकतात. आपल्या मुलाच्या शस्त्रक्रियेचा योजनेच्या यादीत समावेश आहे काय, हे भरतीपूर्वीच रुग्णालयातील 'आरोग्यमित्रा'ला विचारून लेखी घ्यावे.

कारखान्यात काम करणाऱ्याने आणखी एक गोष्ट पाहावी. पगारातून ई. एस. आय.ची वर्गणी कापली जात असेल, तर कर्मचारी राज्य विम्याचा लाभ कुटुंबालाही मिळतो. २०१७ च्या जानेवारीपासून त्यासाठी पगाराची मर्यादा महिना २१,००० रुपये ठरविण्यात आली. पगारपत्रकावर ही कपात दिसते, पण कित्येक घरांत ते कार्ड पेटीच्या तळाशी पडून असते. महाराष्ट्रातल्या वाचकांनी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करावी.

चार जणांची खाट

कफर्णहूमच्या त्या पक्षाघाती माणसाला चौघांनी खाटेवरून आणले, दाराशी गर्दी पाहून ते परतले नाहीत. छप्पर उघडून त्यांनी त्याला प्रभूसमोर उतरविले. आजारी माणसाच्या श्रद्धेइतकेच महत्त्व तेथे त्या चौघांच्या श्रद्धेला आहे. आपल्या धर्मग्रामात हे चौघे कोण?

एक असावा तो अर्ज भरून देणारा. तारिहाळात कार्यालयाची भाषा कानडी, घरची मराठी. कानडी लिहिता येणाऱ्या तरुणाने एक सकाळ दिली तर एका कुटुंबाचा महिना वाचतो. दुसरा असावा रुग्णालयात सोबत बसणारा, कारण बापाचा रोज बुडाला तर चूल अडते. तिसरे असावे ते मदतमंडळ. पॅरिसमध्ये १८३३ साली फ्रेडरिक ओझानाम यांनी मित्रांसह ज्या कार्याचा आरंभ केला, ते सेंट व्हिन्सेंट दि पॉलचे मंडळ आज आपल्याकडेही अनेक धर्मग्रामांत आहे. प्रवासखर्च, औषधे, पट्ट्याची किंमत यांसाठी तेथे संकोच न करता शब्द टाकावा. आणि चौथे असावे असे कुटुंब, जे या वाटेने आधी जाऊन आले आहे. मुलाला डॉक्टरांच्या दहा वाक्यांनी जो धीर येत नाही, तो स्वतःची छाती दाखवून "मलाही होते, हे पाहा" असे म्हणणाऱ्या एका मोठ्या मुलाने येतो. फादरांना किंवा सिस्टरांना विचारले तर असे कुटुंब आपल्या किंवा शेजारच्या धर्मग्रामात सापडू शकते.

शस्त्रक्रियेनंतरही या चौघांचे काम संपत नाही. पहिल्या काही आठवड्यांत वेदना असते. दप्तर उचलू नये, अंग एकदम वळवू नये. कबड्डीसारखे अंगझटीचे खेळ डॉक्टर सांगतील तोवर बंद ठेवावे, नाहीतर पट्टी सरकते. छातीत पट्टी असल्याची चिठ्ठी मुलाने नेहमी खिशात बाळगावी, म्हणजे अपघाताच्या वेळी कोणत्याही डॉक्टरांना ते समजेल.

आणि जे मूल उपचार नको म्हणते, किंवा ज्याला त्याची गरज नाही, त्याचे काय? त्यालाही आधार हवाच. त्याला टोपणनाव देऊ नये, नातलगांसमोर सदरा वर करायला लावू नये, मुलगी असेल तर "हिचे लग्न कसे जमेल?" असा सुस्कारा तिच्या कानांवर पडू देऊ नये. छातीचा आकार हा माणसाचा आकार नव्हे.

दरवर्षी ११ फेब्रुवारीला, लूर्दच्या मातेच्या सणाच्या दिवशी, ख्रिस्तसभा जागतिक रुग्णदिन पाळते. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९२ साली त्याची घोषणा केली. त्या दिवशी आपण रुग्णांसाठी प्रार्थना करूच. परंतु आपल्या घरातला मुलगा त्या दिवसापर्यंत थांबला आहे असे समजू नका. आज संध्याकाळी रोझरी संपली, की त्याला जवळ घ्या आणि हळूच विचारा, "बाळ, छातीचा काही त्रास होतो का?" तो कदाचित मान फिरवील. तरी विचारा. उद्या सकाळी केसपेपर काढायला त्याच्याबरोबर तुम्हीच रांगेत उभे राहा. पुढल्या रविवारी मिस्साला त्याचा हात उरावर जाईल, तेव्हा खळगा तेथेच असेल. पण ते ओझे तो एकटाच वाहत नसेल.